मुखवट्याची साक्ष

मेरिलिन मॅन्सन या रॉक गायकावर अमेरिकेने दोनदा बोट रोखले. पहिल्यांदा १९९९ साली, एका हत्याकांडावरून. त्या हत्याकांडाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्यांदा २०२१ साली, त्याच्या सहवासात राहिलेल्या स्त्रियांनी केलेल्या आरोपांवरून. ते आरोप त्याने नाकारले आणि त्यांबद्दल फौजदारी खटला कधी उभाच राहिला नाही. या दोन प्रसंगांत २२ वर्षांचे अंतर आहे आणि लिहिणारे सहसा त्यांचे दोन वेगळे कप्पे करतात: एक अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, दुसरा स्त्रियांवरील अत्याचाराचा. मला ही विभागणी मान्य नाही. दुसरा प्रसंग पहिल्याच्या पोटातून आलेला आहे. गाण्यात सैतान शोधणारे आणि त्या गाण्याचा कैवार घेणारे, दोघेही वर्षानुवर्षे एकाच गोष्टीकडे पाहत राहिले. त्यांनी मुखवटा न्याहाळला. मुखवट्याआडचा माणूस घरात, तालमीच्या खोलीत, दौऱ्यावरच्या बसमध्ये कसा वागतो, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

प्रेक्षकांना हादरवणाऱ्या शॉक रॉकची वंशावळ मॅन्सनच्या बरीच आधी सुरू होते. १९५६ साली ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ हे गाणे आल्यावर स्क्रीमिंग जे हॉकिन्स या कृष्णवर्णीय गायकाला रेडिओ-निवेदक अॅलन फ्रीडने ३०० डॉलर देऊ केले. अट एवढीच, की हॉकिन्सने रंगमंचावर शवपेटीतून बाहेर यावे. ती युक्ती चालली आणि हॉकिन्सला आयुष्यभर चिकटली. त्याला खरे तर ऑपेराचा गायक व्हायचे होते. लोकांनी मात्र त्याच्याकडे कायम शवपेटीच मागितली. सोंग माणसाला गिळू शकते, याचा हा या परंपरेतला पहिला दाखला.

अॅलिस कूपर या रॉक गायकाने हा धोका ओळखला. त्यासाठी त्याला मोठी किंमत मोजावी लागली. व्हिन्सेंट फर्निअर हे त्याचे मूळ नाव. जन्म १९४८, डेट्रॉइट. वडील धर्मोपदेशक. १९६९च्या टोरोंटोच्या महोत्सवात रंगमंचावर कुठूनशी कोंबडी आली. ही उडून जाईल अशा समजुतीने त्याने ती प्रेक्षकांत फेकली आणि प्रेक्षकांनी तिच्या चिंध्या केल्या. दुसऱ्या दिवशी बातमी झाली, की कूपरने कोंबडीचे डोके दातांनी तोडले. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक फ्रँक झापा याने सल्ला दिला: तू असे केले नाहीस, हे कोणाला सांगू नकोस. या सल्ल्यात पुढच्या सगळ्या धंद्याचे मर्म आहे. अफवा खोटी असली तरी नाकारायची नाही, कारण तीच तिकिटे खपवते.

पण कूपरच्या प्रयोगाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. अॅलिस हा खलनायक दुष्कृत्ये करायचा आणि शेवटी त्याला शिक्षा व्हायची. कधी फाशी, कधी गिलोटिन, कधी विजेची खुर्ची. मग तोच नट पांढऱ्या पोशाखात परत येऊन प्रेक्षकांचा निरोप घ्यायचा. म्हणजे प्रयोगाच्या आतच न्याय होत होता आणि नट पात्रातून बाहेर आल्याचे प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसत होते. सुरुवातीला कूपर प्रत्यक्ष आयुष्यातही अॅलिस बनूनच वावरत होता आणि दारूने त्याला जवळजवळ संपवले. उपचार झाले, १९८०च्या दशकात दारू सुटली आणि त्यानंतर तो अॅलिसबद्दल तृतीयपुरुषी बोलू लागला. दशावतारात संकासुर होणारा माणूस पहाटे रंग धुऊन आपल्या कामाला लागतो. कूपरनेही तीच वहिवाट पत्करली. ब्रिटनमध्ये मेरी व्हाइटहाउस या नीतिरक्षक बाईंनी त्याच्या ‘स्कूल्स आउट’विरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा त्याने त्यांना फुले पाठवली. कारण दोन्ही बाजूंना ठाऊक होते, की भांडण एका पात्राशी चालले आहे.

ब्रायन वॉर्नरने, म्हणजे मॅन्सनने, नेमकी ही सीमारेषा पुसली. जन्म ५ जानेवारी १९६९, ओहायो राज्यातले कँटन. शिक्षण ख्रिस्ती शाळेत. तिथे रॉक संगीत हे पापाचे दार असल्याचे सांगितले जाई आणि त्यामुळेच त्याला त्या दाराची ओढ लागली. पुढे फ्लोरिडात एका छोट्या मासिकासाठी तो संगीतावर लिहू लागला. १९८९ साली त्याने बँड काढला. मेरिलिन मन्रो आणि चार्ल्स मॅन्सन यांची नावे जोडून स्वतःचे नाव बनवले. बँडमधल्या बाकीच्यांनीही एका सौंदर्यमूर्तीचे आणि एका खुन्याचे नाव जोडूनच आपापली नावे घेतली. कल्पना तल्लख होती. जो देश सिनेतारकेला आणि खुन्याला एकाच आकाराच्या मथळ्यात छापतो, त्याला त्याचेच तोंड दाखवणारा हा आरसा होता. मी हे मनापासून म्हणतो. १९९६चा ‘अँटिख्राइस्ट सुपरस्टार’ हा अल्बम केवळ गोंगाट नाही. दुबळा, लाथाडला गेलेला मुलगा सत्तेची भूक लागून हुकूमशहा बनतो, अशी त्यात कथा आहे आणि ती कथा प्रेक्षकांनाही मोकळे सोडत नाही. त्या दौऱ्यात तो फॅसिस्ट सभेसारख्या व्यासपीठावर उभा राहून बायबलची पाने फाडत असे आणि समोरची हजारो मुले तालात मुठी उंचावत असत. आपण काय करतो आहोत, हे त्या मुलांच्या लक्षात यावे, हा त्यातला खरा हेतू.

अमेरिकेच्या नीतिरक्षकांना मात्र त्यात फक्त सैतान दिसला. त्याच्या संगीतसभांत प्राणी मारले जातात, मुलांवर अत्याचार होतात, अशा कहाण्या पसरवल्या गेल्या. न्यू जर्सीत १९९७ साली एका सरकारी प्राधिकरणाने आपल्या स्टेडियममध्ये त्याला गाऊ न देण्याचा प्रयत्न केला. बँड न्यायालयात गेला आणि न्यायालयाने बँडच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. तिथे एका वडिलांनी साक्ष दिली. त्यांच्या किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली होती आणि तो हाच अल्बम ऐकत असे. त्या वडिलांच्या दुःखापुढे कोणीही मान खाली घालेल. पण सिनेटने त्या दुःखाचे काय केले? मुलांमधले नैराश्य, घरातल्या बंदुका, शाळांमधली छळवणूक यांकडे पाहण्याऐवजी एका ध्वनिमुद्रिकेला आरोपी केले. १९८५ सालीही सिनेटने हेच केले होते. त्या वेळी झापा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर या संगीतकारांना साक्षीला बोलावले होते आणि शेवटी हाती आला तो मुखपृष्ठावरचा एक इशारा. त्या इशाऱ्याने अल्बम मुलांना अधिकच आकर्षक वाटू लागले.

मग २० एप्रिल १९९९ उजाडला. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून मारले आणि नंतर स्वतःवर गोळ्या झाडल्या. त्या दोघांनी काळे कोट घातले होते. तेवढ्यावरून काही तासांतच मॅन्सनचे नाव दूरचित्रवाणीवर झळकू लागले. ती मुले त्याची चाहती नव्हतीच, त्यांच्या आवडीचे बँड वेगळे होते, हे नंतर स्पष्ट झाले. पण बातमी पुढे निघून गेली होती. मॅन्सनने अमेरिकेतल्या दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द केले आणि ‘रोलिंग स्टोन’ मासिकात एक लेख लिहिला. पहिल्या मानवी खुनाला गाणी किंवा सिनेमे लागले नव्हते, असा त्याचा मुद्दा होता. खुन्यांचे चेहरे मुखपृष्ठावर छापून त्यांना तारे बनवणाऱ्या माध्यमांनाही त्याने धारेवर धरले. दोन वर्षांनी तो कोलंबाइनजवळच्या डेन्व्हरला आला, तेव्हा माहितीपटकार मायकेल मूरने त्याची मुलाखत घेतली. ती ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ या २००२च्या माहितीपटात आहे. त्या मुलांशी बोलायला मिळाले असते तर काय सांगितले असते, असे मूरने विचारले. आपण काहीच सांगितले नसते, त्यांचे म्हणणे ऐकले असते, कारण तेच कोणी केले नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

ते उत्तर खरोखरच चांगले आहे आणि तो लेखही. पण या दोन गोष्टींनी मॅन्सनला जे मिळवून दिले ते कुठल्याही अल्बमने मिळवून दिले नसते. तो निर्दोष ठरला, एवढ्यावर ते थांबले नाही. तो शहाणा ठरला. भडक रंगाखाली एक सुज्ञ, हळवा, एकाकी मुलांना समजून घेणारा माणूस आहे, ही प्रतिमा उदारमतवादी वर्तुळांत पक्की झाली. आरोप करणारे तोंडघशी पडले होते. मॅन्सनविरुद्ध बोलणारा म्हणजे एकतर धर्मवेडा, नाहीतर अडाणी, असे समीकरण तयार झाले. त्यानंतरची वीस वर्षे हे समीकरण त्याच्या कामी आले.

रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. जुलै २००१मध्ये मिशिगनमधल्या एका कार्यक्रमात त्याने एका सुरक्षारक्षकाच्या डोक्यावर आपले अंग घासले. खटला झाला आणि त्याने आरोपांना विरोध न करता दंड भरला. २०१९ साली न्यू हॅम्पशायरमधल्या कार्यक्रमात तो कॅमेरा चालवणाऱ्या स्त्रीवर थुंकला आणि तिच्या अंगावर नाक शिंकरले. तिथेही शेवटी २०२३मध्ये दंड आणि २० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. या बातम्या गमतीच्या सदरात छापल्या गेल्या. मला त्यांत सगळे प्रकरण दिसते. प्रेक्षक तिकीट काढून येतो. घाबरायचे, किळस वाटून घ्यायची, हे त्याने स्वतः निवडलेले असते. सुरक्षारक्षक किंवा कॅमेरा चालवणारी बाई यांनी असे काही निवडलेले नसते. ती पोटासाठी कामावर आलेली माणसे. त्यांच्या अंगावर जे घडले ते कलेचा भाग म्हणून खपवले जाते, तेव्हा मुखवटा नटाच्या चेहऱ्यावर राहत नाही. तो आसपासच्या सगळ्यांवर लादला जातो आणि कोणाचीही संमती विचारली जात नाही.

आता २००९ सालची मुलाखत. ‘स्पिन’ मासिकाशी बोलताना मॅन्सनने अभिनेत्री इव्हान रेचल वूडबद्दल सांगितले, की नाते तुटल्यावर त्याने एका दिवसात तिला १५८ वेळा फोन केला. तिचे डोके घणाने फोडण्याची कल्पना आपल्या मनात रोज येते, असेही तो म्हणाला. वूड त्याला भेटली तेव्हा ती १८ वर्षांची होती, तो ३७चा. मुलाखत छापून आली आणि काहीही झाले नाही. पुढे त्या शब्दांबद्दल विचारणा झाली, तेव्हा त्याच्या प्रतिनिधींनी उत्तर दिले, की नव्या अल्बमच्या प्रसिद्धीसाठी दिलेली ती नाटकी मुलाखत होती, वस्तुस्थितीचे कथन नव्हते. दोघांनी नंतर साखरपुडा केला, यावरूनच ते कोणी शब्दशः घेतले नव्हते हे दिसते, असा पुरावाही त्यांनी पुढे केला.

या खुलाशावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो खरा असेलही. मुलाखतीत बढाई मारणे आणि प्रत्यक्षात इजा करणे यांत अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण या खुलाशाची यंत्रणा पाहा. एखाद्या बँकेच्या कारकुनाने कचेरीत आपल्या जुन्या मैत्रिणीबद्दल असे उद्गार काढले असते, तर कोणीतरी तिला फोन करून तू ठीक आहेस ना, असे विचारले असते. मॅन्सन बोलला तेव्हा पत्रकाराने ते टिपून घेतले, संपादकाने छापले आणि वाचकांनी पान उलटले. तो जितके भयंकर बोलेल तितके ते जाहिरातीसारखे ऐकू येत होते. १९९८च्या आत्मचरित्रात तर त्याने स्त्रियांना दिलेल्या क्रूर वागणुकीचे प्रसंग स्वतःच छापले होते. ते पुस्तक धाडसी आणि प्रामाणिक म्हणून गाजले. राक्षसाचे सोंग घेतलेल्या माणसाला काहीच लपवावे लागत नाही. तो सगळे उघड सांगतो आणि ऐकणारा ते सोंगाच्या खात्यावर टाकतो.

फेब्रुवारी २०१८मध्ये वूडने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्यावर झालेल्या मारहाणीचे आणि बलात्काराचे तिने वर्णन केले. नाव मात्र घेतले नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिने मॅन्सनचे नाव घेतले आणि त्याच सुमारास इतर अनेक स्त्रियाही बोलल्या. रेकॉर्ड कंपनीने त्याच दिवशी त्याच्याशी संबंध तोडले, दूरचित्रवाणी मालिकांनी त्याची दृश्ये काढून टाकली. मॅन्सनने निवेदन काढले. त्यात आधी म्हटले होते, की आपली कला आणि आपले आयुष्य नेहमीच वाद ओढवून घेत आले आहेत. आरोप म्हणजे वास्तवाचा विपर्यास आहे आणि आपली नाती संमतीचीच होती, हे त्यानंतर आले. क्रम बोलका आहे. एका स्त्रीच्या तक्रारीला उत्तर देताना पहिला शब्द कलेचा निघाला. कोलंबाइनच्या वेळी जी ढाल त्याने न्याय्यपणे उचलली होती, तीच आता अशा ठिकाणी धरली गेली जिथे तिचा काही संबंध नव्हता. वूडने त्याच्या गाण्याविरुद्ध तक्रार केलेली नव्हती.

त्यानंतरचे सगळे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. एका अभिनेत्रीने दाखल केलेला दिवाणी दावा २०२३मध्ये तडजोडीने मिटला. आरोप करणाऱ्या दुसऱ्या एका स्त्रीने आपले आरोप मागे घेतले आणि आपल्यावर दबाव आला होता असे सांगितले. मॅन्सनने वूडवर बदनामीचा खटला भरला होता. त्यातले महत्त्वाचे मुद्दे न्यायालयाने वगळले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्याने खटला मागे घेऊन तिच्या वकिलांच्या खर्चापोटी सुमारे ३,२७,००० डॉलर देण्याचे मान्य केले. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या जिल्हा सरकारी वकिलांनी जाहीर केले, की कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपांची कायदेशीर मुदत संपली आहे आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप संशयापलीकडे सिद्ध करता येणार नाहीत, म्हणून खटला होणार नाही. याचा अर्थ तो दोषी ठरला, असा नाही. आरोप खोटे ठरले, असाही नाही. कोणाला तरी शिक्षा झाल्याचे समाधान हवे असेल, तर ते इथे मिळणार नाही आणि मी ते शब्दांनी मिळवून देणार नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. मुखवट्याच्या बोलण्याकडे गांभीर्याने पाहायचे म्हटले, तर आपण पुन्हा सिनेटच्या त्या सुनावणीत जाऊन बसत नाही का? गाण्यातले रक्त म्हणजे गायकाचा कबुलीजबाब, असे मानायचे का? त्याची भयानक फळे अमेरिकेने पाहिली आहेत. १९९३ साली आर्कान्सासमधल्या वेस्ट मेम्फिस गावात तीन लहान मुलांचा खून झाला. तीन किशोरवयीन मुलांना पकडले गेले. त्यांतला डेमियन एकोल्स काळे कपडे घालायचा, मेटालिका ऐकायचा, भयकथा वाचायचा. हे सगळे न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरले गेले आणि त्याला देहदंडाची शिक्षा झाली. तिघे १८ वर्षे तुरुंगात राहून २०११मध्ये सुटले. तेही एका विचित्र तडजोडीने, ज्यात निर्दोष असल्याचे सांगत असतानाच गुन्हा मान्य केल्याची नोंद करावी लागते. आवडीनिवडीला पुरावा मानले की असे होते.

म्हणून माझी मागणी गाण्यांची झडती घेण्याची मुळीच नाही. ती बरोबर उलट आहे. गाणे एकोल्सविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, तर ते मॅन्सनच्या बाजूचा पुरावाही होऊ शकत नाही. ‘तो असेच बोलतो’, ‘तो त्याच्या कलेचा भाग आहे’, ‘त्याच्यासोबत राहायला गेलीस, तर दुसरे काय होणार होते?’ ही वाक्ये उदारमतवादी माणसाच्या तोंडी येतात, तेव्हा तोही नीतिरक्षकासारखाच कलेवरून माणसाचा निवाडा करत असतो. निवाडा फक्त वेगळा निघतो. माणसाचे वागणे कळण्याचा मार्ग एकच: त्याच्यासोबत राहणाऱ्यांना आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारणे आणि त्यांचे सांगणे इतर कोणत्याही पुराव्यासारखे तपासणे. कधी ते टिकेल, कधी टिकणार नाही. पण आधी विचारले तरी पाहिजे. व्यवस्थापक, रेकॉर्ड कंपन्या, मासिके, दौऱ्यांचे आयोजक यांच्यापैकी कोणी विचारले? विचारण्यात त्यांचा तोटा होता. धोकादायक माणूस विकायला ठेवलेला असताना तो खरोखरच धोकादायक आहे का, ही चौकशी कोण करणार?

या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागते ते चाहत्यांबद्दल. नव्वदच्या दशकात शाळेत मार खाणारी, घरात परकी झालेली कितीतरी मुले या माणसाच्या गाण्यांपाशी आली. काळे ओठ रंगवून स्वतःला पुन्हा उभे करायला शिकली. तो आसरा खरा होता. त्या मुलांना आता कोणी हसू नये. त्या अल्बमचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी ते अल्बम महत्त्वाचे मानतो आणि त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढणार नाही. या दोन गोष्टी मला एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत. त्याचे थांबलेले करिअर तर पुन्हा सुरू झालेच आहे. २०२४मध्ये तो दौऱ्यावर निघाला, नव्या कंपनीकडून नवा अल्बम आला आणि सभागृहे पुन्हा भरू लागली.

वूडने मात्र या काळात एक काम केले, ज्याची दखल संगीताच्या पानांवर फारशी घेतली गेली नाही. कॅलिफोर्नियात कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्याची तक्रार करायला तीन वर्षांची मुदत होती. तिच्या आणि इतर स्त्रियांच्या पाठपुराव्यामुळे २०१९मध्ये ती पाच वर्षे झाली. या कायद्याला फिनिक्स अॅक्ट म्हणतात. ज्यांची मुदत आधीच संपली होती, त्यांना त्याचा उपयोग नव्हता. तिची स्वतःची मुदत तर केव्हाच संपली होती. ज्या पुरुषाला सगळा देश मुळातच राक्षस म्हणून ओळखतो आणि त्यासाठीच त्याच्यावर प्रेम करतो, त्याच्याबद्दल बोलायचे धैर्य गोळा करायला विशीतल्या मुलीला तीन वर्षे कशी पुरावीत? तिला दहाहून अधिक लागली. तेवढ्या काळात तो मासिकाच्या पानावर स्वतःच सगळे बोलून मोकळा झाला होता, आणि सरकारी वकिलांच्या टेबलावर कागद आले ते मुदत संपल्यानंतर.